डाव्या पायातली गुठळी

माझा डावा पाय उजव्यापेक्षा जाड झालाय हे माझ्या आधी माझ्या मुलीनं पाहिलं. वास्तुशांतीचे पाहुणे पांगले होते, मांडव अजून उतरला नव्हता. मी नव्या घराच्या ओट्यावर बसून उरलेल्या बुंदीचे डबे भरत होते. वैष्णवी समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुया हा पाय असा काहून दिसून राह्यला?"

लुगडं थोडं वर घेऊन पाहिलं. घोट्याचं हाड दिसत नव्हतं. पोटरी ताणून चकचकीत झाली होती. पोटरीत गोळा आल्यासारखं तर आधीपासून दुखत होतं, पण घरात एवढी माणसं असताना स्वतःच्या पोटरीकडं कोण बघतं? उभं राहून राहून सुजला असेल, असं मी तिला सांगितलं आणि पुढचा डबा भरायला घेतला.

मी रंजना. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरजवळच्या एका गावात आमचं घर आहे. आम्ही माळी. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पिकवतो आणि बाजारात नेऊन विकतो. घरात सासूबाई, आमचे हे आणि कॉलेजात जाणारी वैष्णवी. पायाच्या आतल्या शिरेत रक्त गोठतं, हे मला माहीतच नव्हतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. डॉक्टरी ज्ञान माझ्याकडं नाही. जे झालं ते सांगते.

गोळ्या

वास्तुशांतीला जोडप्यानं पूजेला बसावं लागतं. नेमकी त्याच दिवसांत माझी पाळी येणार होती. सासूबाई म्हणाल्या, "आजकाल गोळ्या भेटतात ना, सगळ्याच बाया घेतात." खरंच घेतात. माझ्या जावांनी घेतल्या होत्या, मीही आधी एकदा एका लग्नात घेतल्या होत्या, तेव्हा काही झालं नव्हतं. ह्यांनी मेडिकलमधून पाकीट आणून दिलं. चिठ्ठी कोणी मागितली नाही.

मग भावकीत एक म्हातारे वारले. सुतक लागलं आणि पूजा पुढं गेली. गुरुजींनी पुढची तारीख दिली, आणि मी गोळ्या चालूच ठेवल्या. पहिलं पाकीट संपलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं होतं, "राहू द्या आता, अंग जड लागून राह्यलं." पण पाहुण्यांना निरोप गेले होते, आचारी ठरला होता. ह्यांनी दुसरं पाकीट आणलं आणि मी ते घेतलं.

पूजा छान झाली. फोटोत मी हसते आहे. पाय फोटोत आलेला नाही.

तेल

सासूबाईंनी त्याच दिवशी संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून आणलं. त्यांच्या हाताला गुण आहे असं गावात म्हणतात. बाळंतिणीचं अंग त्याच चोळतात, माझंही त्यांनीच चोळलं होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला आणि घोट्यापासून मांडीपर्यंत दाबत दाबत वर नेऊ लागल्या. मला बरं वाटत नव्हतं, दुखत होतं, पण त्यांचं मन मोडवेना.

गावातल्या डॉक्टरांनी शीर दबली असेल म्हणून सांगितलं. एक इंजेक्शन दिलं आणि पट्टी बांधायला सांगितली. पट्टी बांधली की पाय आणखी दुखायचा. सासूबाई सकाळ-संध्याकाळ चोळत राहिल्या. कमी होण्याऐवजी सूज मांडीवर चढली. मग जांघेत ठणका सुरू झाला आणि एका सकाळी पाहिलं तर पाय निळसर पडला होता. खाटेवरून खाली टेकवला तर असं वाटलं की आतून फाटेल.

ह्यांनी शेजारच्यांची जीप सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "मीबी येतो." तेलाची बाटली त्यांनी पिशवीत घेतली होती.

वाशीमला

वाशीमच्या डॉक्टरांनी पाय पाहिला, दाबला आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं. आजवर मी सोनोग्राफी फक्त पोटाची पाहिली होती. तिथल्या डॉक्टर बाई आधी गप्पा मारत होत्या, कुठून आलात, काय पिकवता, असं. जांघेवर ते यंत्र ठेवलं आणि त्यांचं बोलणं थांबलं. पुन्हा पुन्हा त्याच जागी दाबून पाहू लागल्या. मी पडद्याकडं बघत होते. तिथं मला काळ्या-राखाडी रेघांशिवाय काही दिसत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले.

"एवढ्यात ऑपरेशन, बाळंतपण काही?"

"नाही."

"कसल्या गोळ्या चालू आहेत?"

मी सांगितलं. दुसरं पाकीट संपेपर्यंत मी त्या घेतच होते. त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, आता उठायचं नाही. मी स्ट्रेचर मागवते."

मी चालत आत गेले होते. बाहेर आले ती झोपून. ह्यांनी मला स्ट्रेचरवर पाहिलं तेव्हा ह्यांच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गुडघ्याच्या खालपासून थेट ओटीपोटापर्यंत मोठी शीर गुठळीनं भरली आहे. पायाचा त्रास वेगळा, पण त्यातला तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जीव जाऊ शकतो. मग त्यांनी विचारलं, "पाय चोळला का कोणी?"

सासूबाई पुढं झाल्या. त्यांना वाटलं, आपण काय काय केलं ते सांगायला हवं. "हाव, मी चोळून राह्यली ना. दोन टाइम. तेल लावून."

डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आजी, आता हात लावू नका. चोळल्यानं गुठळी सुटते आणि वर जाते."

सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्या क्षणानंतर त्या माझ्या जवळ आल्या नाहीत. बाहेरच्या बाकड्यावर बसल्या. हे त्यांना काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. नंतर वैष्णवीकडून कळलं, तिला सासूबाईंनीच सांगितलं होतं. ह्यांचे शब्द होते, "मारली असती तू तिले."

समृद्धीवरून

पोटात एक इंजेक्शन दिलं, रक्त पातळ करायचं. नागपूरला पाठवायचं ठरलं. सासूबाई जीपनं घरी परतल्या. अँब्युलन्सनं शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्ग गाठला. तो रस्ता आमच्या डोळ्यांसमोर बांधला गेला, पण मी त्यावरून कधी गेले नव्हते. पहिल्यांदा गेले ती छताकडं बघत.

हे माझ्या शेजारी बसले होते आणि माझ्या छातीकडं बघत होते. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, माझा श्वास चालू आहे की नाही ते बघताहेत. मी खोकले की हे उठून उभे राहायचे. एकदा मी मुद्दाम खोकला दाबला, ह्यांना त्रास नको म्हणून. दाबला तर छातीत कळ आल्यासारखी वाटली आणि मला खरंच वाटलं, सुटला तुकडा. काही झालं नव्हतं. भीतीच होती ती. पण भीतीनं छातीत दुखतं आणि गुठळीनंही छातीत दुखतं. मग कोणतं खरं, हे आपण कसं ओळखायचं? आजही मला ते ओळखता येत नाही.

कारंजा मागं गेलं तेव्हा ह्यांनी विचारलं, "काही पायजे का तुले?"

मी म्हटलं, "वैष्णवीले फोन करा. वांगे आज तोडाचे होते."

"वांगे जाऊ दे," हे म्हणाले, आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.

सुई आणि नळी

नागपूरचे डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान असतील. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. चिरफाड करायची नाही. गुडघ्याच्या मागून शिरेत सुई घालायची, त्यातून बारीक नळी वर न्यायची आणि गुठळी ओढून घ्यायची. माझी ओटीपोटातली शीर मुळातच दुसऱ्या एका मोठ्या रक्तवाहिनीखाली दबलेली आहे, काही जणांची असते, असंही ते म्हणाले. तिथं रक्त आधीच हळू जायचं. त्यात गोळ्या. दोन्ही मिळून झालं.

"आणि नाही केलं तर?" ह्यांनी विचारलं.

"औषधानं जीव बहुतेक वाचेल. पाय मात्र असाच राहण्याची शक्यता जास्त. सूज, काळेपणा, पुढं जखमा. गुठळी अजून ताजी आहे, म्हणून आत्ताच सांगतोय."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एखादी गोष्ट ह्यांनी माझ्यावर सोडली असं फार वेळा झालं नाही. मी म्हटलं, "करा."

मला पालथं झोपवलं. भूल फक्त सुईच्या जागी दिली होती. मी जागी होते. तोंड एका बाजूला, समोर हिरवा कपडा, त्याच्या पलीकडं मशीनचा घुर्र आवाज आणि डॉक्टरांचं हळू बोलणं. दुखलं फारसं नाही. पोटात आतून कोणी दोरी ओढावी तसं वाटत होतं, आणि दबलेल्या जागी फुगा फुगवला तेव्हा कंबरेत अशी कळ आली की मला बाळंतपण आठवलं. तिथं त्यांनी एक जाळीची नळी बसवली, शीर पुन्हा दबू नये म्हणून. एक सिस्टर सतत माझ्या खांद्यावर हात ठेवून होती. तिचं नावही मला माहीत नाही. तोंडावर मास्क होता, तोंडही माहीत नाही.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "बघायचंय?" पांढऱ्या कापडावर काढून ठेवलं होतं. काळपट लाल, बोकडाच्या काळजाचे तुकडे असतात तसे. एक लांब होता, बोटाएवढा जाड. मी एकदा पाहिलं आणि म्हटलं, "झाका."

बरं वाटायला हवं होतं. पण मनात एवढंच आलं की हे माझ्या आत होतं आणि मी पाहुण्यांना बुंदी वाढत होते.

वॉर्डातले दिवस

लघवी लाल आली. सिस्टरनं आधीच सांगितलं होतं की अशी येईल, तरी मी घाबरून बेल दाबली. रोज पोटात इंजेक्शन, रोज रक्त तपासायला. पोटावर निळे डाग पडले. टेप लावून दोन्ही पाय मोजायचे. डावा रोज थोडा उतरत होता. घोट्याचं हाड दिसलं त्या सकाळी मी ते हातानं चाचपून पाहिलं.

आणि मग पाळी आली. गोळ्या बंद झाल्या होत्या आणि रक्त पातळ करायचं औषध चालू होतं. जिला थांबवायला एवढं केलं ती अशी आली की गादी भिजली. मला चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी औषध कमी केलं, पण थांबवता येईना. थांबवलं तर पुन्हा गुठळी. त्या दोन-तीन दिवसांत मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात वाटली नाही, आणि ती लाज कशाची होती तेही मला सांगता येणार नाही. हे बाहेर जाऊन बसायचे. कपडे बदलायला मला शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मदत केली.

ती सुमन. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरची. माझ्यापेक्षा लहान, बाळंत होऊन ऊसतोडीला गेली होती. तिचाही डावा पाय. तिकडं फडात पाय सुजला, तिनं कापड बांधून काम ओढलं, काम संपल्यावर गावी आली आणि मग दवाखाना. तोवर गुठळी जुनी होऊन शिरेला चिकटली होती. नळीनं निघण्यासारखी राहिली नव्हती. तिला फक्त गोळ्या आणि पाय दाबून धरणारा लांब मोजा.

एकदा ती माझ्या पायाकडं बघत म्हणाली, "ताई, तुमचा उतरला."

मी म्हटलं, "तुयाबी उतरंल."

"नाई उतरत. डॉक्टर बोलले मले." तिनं आपला पाय दोन्ही हातांनी उचलून उशीवर ठेवला. "पण मोजा घालून चालता येते म्हनतात. चालता आलं म्हंजे झालं. लेकरू कडेवर घ्या लागते ना."

माझ्याजवळ जीप होती, मला वाशीमला सोनोग्राफी मिळाली, रस्ता मिळाला. तिच्याजवळ उसाचा फड होता. तिच्या पायाकडं पाहिलं की मला माझ्या पायाचं सुख धड घेता येत नसे.

घरी

घरी आल्यावर सासूबाईंनी भाकर-तुकडा ओवाळून टाकला, पण हात लांबूनच फिरवला. ताट द्यायच्या, खाटेच्या कडेला ठेवायच्या आणि मागं व्हायच्या. मला मोजा घालायला कोणाची तरी मदत लागे, तो फार घट्ट असतो. वैष्णवी कॉलेजात असली की मी एकटी झटत बसे आणि त्या दारात उभ्या राहून बघत. एक दिवस मी म्हटलं, "आई, या ना. मोजा ओढा."

"नाई माय. मले नोको सांगू."

"चोळाचं नाई. ओढाचं हाये."

त्या आल्या. बोटांच्या टोकांनी मोजा धरला, गरम भांडं धरावं तसा. ओढला, पण माझ्या कातडीला हात लागू दिला नाही. आजही लागू देत नाहीत. बाळंतिणींचं अंग चोळणंही त्यांनी सोडलं. गावातल्या बाया बोलवायला येतात, तर त्या हात दुखतात म्हणून सांगतात.

ह्यांचं वेगळंच झालं. मला जमिनीवर बसू देईनात, मळ्यात येऊ देईनात, पाटीला हात लावू देईनात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण मी चालले की हे मागं मागं. एका दुपारी मी न सांगता मळ्यात गेले आणि वाकून मेथी उपटू लागले. हे धावत आले.

"कायले आली तू इकडं? घरी बसता येत नाई?"

"किती दिवस बसू? काचेची झाली का मी?"

"काही झालं म्हंजे?"

"झालं तं होईल. तुमी असे मागं लागून राह्यले तं मी त्याच्या आधी मरंन."

हे बांधावर बसले. बराच वेळ मातीचं ढेकूळ हातात फोडत राहिले. मग म्हणाले, "दुसरं पाकीट तू नोको म्हनत होती. म्याच आणलं."

मी म्हणू शकले असते की तुमचा काय दोष, घेतल्या तर मीच. बहुतेक बायका तेच म्हणाल्या असत्या. मी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला अधूनमधून राग येतो. ह्यांचा, गुरुजींच्या तारखेचा, मेडिकलवाल्याचा, माझा स्वतःचाही. मी मेथीची जुडी बांधली आणि त्यांच्या हातात दिली. हे ती घेऊन बसले. आम्ही त्यानंतर त्यावर बोललो नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ह्यांचं माझ्या मागं येणं बंद झालं.

महालक्ष्म्यांच्या, म्हणजे तुमच्या गौरींच्या, आधी पुतण्याची बायको आमच्याकडं आली होती. सणाच्या दिवसांत तिची पाळी येणार होती, ती सासूबाईंना विचारू लागली, गोळ्यांचं कसं करू? मी स्वयंपाकघरात होते. सासूबाई म्हणाल्या, "काही गोळ्या नाई घ्याच्या. डॉक्टरनं दिल्या तं गोष्ट वेगळी. नाईतं बाजूले बस, करणारे हायेत. देवाले थांबता येते."

माझ्याशी त्या हे कधीच बोलल्या नाहीत. मी आतूनच ऐकलं.

एवढं ध्यानात ठेवा

एकच पाय सुजला, पोटरी दुखली, पाय गरम किंवा निळसर वाटला, तर चोळू नका. शेक नको, पट्टी नको, आधी दवाखाना. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट बघूच नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगा, कोणती गोळी घेतो, बाळंतपण कधी झालं, पाय किती दिवस प्लास्टरमध्ये होता. पाळीच्या गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांनाच असं होतं असं नाही. पण कोणाला होईल ते मेडिकलच्या काउंटरवर कळत नाही.

माझा पाय आता बराच बरा आहे. संध्याकाळी घोट्याला सूज येते, सकाळी उतरते. बाजारात फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून स्टूल नेते. सुमनचा फोन येतो. तिच्या घोट्यापाशी कातडी काळी पडू लागली आहे.

गेल्या तपासणीला नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी बंद केली. शीर मोकळी आहे, जाळी नीट आहे, आता गरज नाही, म्हणाले. मला वाटलं होतं त्या दिवशी मी आनंदानं घरी येईन. प्रत्यक्षात येताना गाडीत मी पुन्हा पुन्हा डावी पोटरी चाचपत होते. ती गोळी कडू होती, दात घासताना तिच्यामुळं हिरड्यांतून रक्त यायचं, जरा लागलं तरी निळा डाग पडायचा. पण ती घेतली की त्या दिवसापुरती मी निर्धास्त असे. आता हातात काहीच नाही.

संध्याकाळी जेवण झालं. सासूबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. म्हणाल्या, "गोळी घेतली का?"

"बंद केली आई. डॉक्टरनं."

त्यांचा अडकित्ता थांबला. "मंग आता कसं?"

मी पाय लांब केले, दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. डावा थोडा जाडच होता.

"आता असंच," मी म्हटलं.